पाचव्या वळणाचा दगड

कोरलेल्या ‘घा’च्या पोटात पांढरा रंग बसत नव्हता. जयश्रीने ब्रश डबीच्या काठावर निरपला, पुन्हा टेकवला, पुन्हा ओघळ आला — काळ्या ग्रॅनाइटवर ओघळ लपत नाही. पाटीवरचा बाकी सगळा मजकूर भरून झाला होता. हा एकच शब्द राहिला होता, घाटदेव.

सात वळणं, सात पाट्या. हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका छोट्या डोंगरगावाने आपल्या जुन्या पायवाटेला ‘वारसावाट’ करायचं ठरवलं होतं, आणि सुरतेत काम स्वस्त पडतं म्हणून दगड इथे गोडादऱ्याला आले होते. कारखान्यात मराठी धड वाचणारी ती एकटी. पहिल्या पाटीवर वाट शोधून काढणारे इंजिनियरसाहेब, दुसरीवर साहेबांचा तंबू, चौथीवर साहेबांनी पाणी प्यायलेला झरा... साहेब तहानले तेही दगडात कोरायचं! आणि ही पाचवी — ‘घाटदेव. वाटसरूंचे रक्षण करणारे प्राचीन लोकदैवत. मूळ अज्ञात.’

अज्ञात कुणाला? मेल्यांनो, विचारलंत कुणाला? बहात्तरच्या दुष्काळात ती वाट खानदेशातल्या बायांनी फोडली. त्यातली एक इथेच सुरतेत, नवागामला दोन खोल्यांत लसूण सोलत बसली आहे. मंगलाबाई, माझी आई. अठरा वर्षांची होती, पाचव्या वळणावर ताडपत्रीखाली बाळंत झाली. दूध उतरलं नाही. पोर पाचव्या दिवशी गेलं. बारशापर्यंत टिकलं नाही म्हणून नावही नाही. मुकादमाने अर्धा दिवस सुट्टी दिली. तेवढ्यात तिने खड्डा केला, वर दगड ठेवला आणि पुढे ओळखू यावा म्हणून कपाळाचं कुंकू ओल्या बोटाने त्याला लावलं... येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यावर शेंदूर चढवला असेल. पाटीबरोबर आलेल्या फोटोत तो लालभडक दिसतो, गळ्यात झेंडूची माळ.

सणासुदीला आई एक घास पानाबाहेर काढून ठेवायची. कुणासाठी, असं विचारलं की म्हणायची, मुंगीसाठी. लहानपणी त्या मुंगीचा जयश्रीला हेवा वाटायचा. घास कुणाचा, ते आईने फार पुढे सांगितलं.

“जयश्रीबेन, सांजे टेम्पो आववानो छे,” शेठ दारातून ओरडून गेले. संध्याकाळी टेम्पो पाट्या न्यायला येणार होता. शेजारच्या लूमच्या खडखडाटात तिने काय उत्तर दिलं ते तिलाच ऐकू आलं नाही. ती मागच्या अंगणात गेली आणि तिने आईला फोन लावला. मजकूर वाचून दाखवताना तिचा आवाज चढत गेला. “मी शेठला सांगते, हे खोटं आहे. देवबीव काही नाही, तिथे माझा भाऊ आहे असं लिहा म्हणावं. नाहीतर फोडते ही पाटी.”

आईने एवढंच विचारलं,

“लोके नारळ फोडतंस का त्याले?”

“फोटोत दिसतोय. साखर पण ठेवलीय पुढे.”

“मंग उपाशी नही शे तो,” आई म्हणाली. “ऱ्हाऊ दे, माय. पोर म्हनशी, तं कोन येईन निवद लेईसन?”

फोन ठेवल्यावर जयश्री भिंतीला टेकून उभी राहिली. शेठवर ओरडायला सकाळपासून जमवलेले शब्द तोंडात तसेच होते, आता त्यांचं करायचं काय? आईवरही राग आला. पोर म्हटलं तर नैवेद्य घेऊन कोण येईल, म्हणे! पन्नासहून जास्त वर्षं उराशी धरलेलं दुःख बाईने एका नारळावर सोडून दिलं... आणि मी? मी तर त्याला पाहिलंही नाही, तरी जळतेय.

ती पाटीपाशी येऊन बसली. थिनरची चिंधी उजव्या हाताशी होती. ‘मूळ अज्ञात’मधला रंग अजून ओला होता, एका फटक्यात पुसला गेला असता. तिने चिंधी उचलली, मग तशीच मांडीवर ठेवून ब्रश घेतला. ‘घा’ भरला. ‘ट’ भरला. या खेपेस ओघळ आला नाही. ‘दे’, ‘व’. ओठांतल्या ओठांत तिने तो शब्द म्हणून पाहिला, एकदा, मग हाक मारल्यासारखा. जन्मात पहिल्यांदा भावाला हाक मारता येत होती, आणि ती हाकसुद्धा ‘मूळ अज्ञात’ लिहिणाऱ्या ह्या लोकांनी दिलेली होती. मांडीवरची चिंधी तिने मुठीत घट्ट आवळली.