तैनानला जेवायला

स्टेट कॉलेज या आमच्या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या गावी बस स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. तैपेईहून निघाल्याला दीड दिवस झाला होता, पाय सुजले होते, शर्टाला स्वतःचाच वास येत होता. आणि समोर लिन उभा. मनात म्हटलं, झाली पंचाईत. निदान अंघोळ होईपर्यंत तरी हा भेटायला नको होता.

लिन माझा रूममेट, तैवानमधल्या तैनान गावचा. दोन वर्षं एकाच स्टोव्हवर माझी आमटी आणि त्याचा भात शिजत होता. त्या ऑगस्टमध्ये, चौऱ्याऐंशी साली, आमच्या प्रोफेसरांची पाठ धरली म्हणून त्यांचा सिरॅमिक्सवरचा पेपर वाचायला मला तैपेईला पाठवलं. हे कळल्यापासून लिनने पिच्छा पुरवला: एक दिवस काढ, तैनानला जा, आईबाबांना भेट. त्याला स्वतःला जाता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो वॉशिंग्टनला त्यांच्या सरकारविरुद्धच्या एका मोर्चात चालला होता. कुणीतरी फोटो काढून तिकडे पाठवला आणि त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. तिकडे मार्शल लॉ. विमानातून उतरला की थेट तुरुंग, असं त्याचे सगळे मित्र सांगत.

"कसं आहे माझं गाव?" माझी बॅग उचलत त्याने विचारलं.

"गरम," मी म्हटलं.

अपार्टमेंटवर येऊन त्याने चहा केला आणि समोर मांडी ठोकून बसला. मग मी गावाबद्दल बोलत सुटलो, कारण गावाबद्दल कितीही बोललं तरी कुणाला काही होत नाही. डच लोकांचा लाल विटांचा किल्ला पाहिला. कन्फ्यूशियसचं देऊळ पाहिलं. वडाच्या पारंब्यांनी गिळलेलं जुनं गोदाम पाहिलं. त्याने दिलेल्या यादीतलं एकही ठिकाण मी सोडलं नव्हतं.

"आणि उन्हाळा?" तो हसत म्हणाला.

उन्हाळ्याचं मला सांगलीकराला काय सांगता, असा माझा जातानाचा तोरा होता. तैनानने तो दोन तासांत उतरवला. आमचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. सकाळी साडेनऊलाच शर्ट पाठीला चिकटला. किल्ल्यावरच्या तोफेला टेकलो तर हात पोळला. देवळात एका खांबाच्या सावलीत अर्धा तास नुसता बसून राहिलो. इतिहास वगैरे गेला चुलीत. हे सगळं ऐकून लिन खूश झाला. आपल्या गावाने पाहुण्याचा घाम काढला याचाही माणसाला अभिमान असतो.

त्याला जे सांगितलं नाही ते असं.

मला जेवायला एक वाजता बोलावलं होतं. उन्हाने जीव मेटाकुटीला आला म्हणून मी साडेअकरालाच जाऊन थडकलो. मित्राचं घर म्हणजे आपलंच, तिथे कसली आलीये वेळ! दारात एक बहिरी शेजारीण बसली होती. तिने आत बोट दाखवलं. आत कुणी नव्हतं. टेबल मात्र मांडलेलं होतं: भाताचा वाडगा, कारलं, टोफू, पेरू, एक अख्खा तळलेला मासा, एक उकडलेली कोंबडी, छोट्याशा कपात चहा. मागे उदबत्ती जळत होती आणि अक्षरं कोरलेली एक लाकडी पाटी उभी होती. मला वाटलं, उदबत्ती माश्या हाकलायला असेल.

आता नैवेद्य मला कळत नाही असं नाही. जन्मभर पाहिलाय. पण आमच्या घरी नैवेद्य म्हणजे केळीचं पान, वर तुळस, भोवती पाण्याचं मंडल. कोंबडी ठेवलेलं ताट नैवेद्याचं असू शकेल हे माझ्या सोवळ्या डोक्यात शिरलंच नाही. पोटात कावळे ओरडत होते. आपल्यासाठी एवढं वाढून ठेवलंय आणि आपण ताटकळत बसलो तर बरं दिसणार नाही, असं स्वतःला समजावून मी स्टूल ओढलं. कोंबडी आणि मासा बाजूला सारला आणि भात, कारलं, टोफू चापून खाल्लं. चहाही प्यायलो.

वाडगा संपत आला तेव्हा मागच्या दारातून लिनची बहीण आली. सू-फेन, शाळेत इंग्रजी शिकवणारी. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. मागोमाग आई आली. म्हातारीने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना. मग आई काहीतरी पुटपुटली.

"आई विचारते," सू-फेन म्हणाली, "भात थंड तर नव्हता?"

मग तिने सांगितलं. त्या दिवशी लिनचे वडील जाऊन एक वर्ष झालं होतं; पाटीवर कोरलेलं नाव त्यांचंच होतं. मी त्यांच्या वर्षश्राद्धाच्या ताटावर बसलो होतो. मी उठून कान धरले, माफी मागितली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने माझा हात धरून पुन्हा बसवलं आणि अजून भात वाढला.

"आई म्हणते, बरं झालं. दादाच्या घरातून कुणीतरी बाबांच्या जेवणाला आलं."

लिनला हे कळवलेलं नव्हतं. कळलं असतं तर तो अंत्यसंस्काराला धावत आला असता आणि पकडला गेला असता. म्हणून वर्षभर वडिलांची पत्रं सू-फेन लिहीत होती, त्यांच्या अक्षरात. निघताना आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिने काय मागितलं ते भाषांतर न करताही कळलं. मी मान डोलावली आणि पाया पडलो. ती दचकून मागे सरकली.

"बाबा कसे आहेत?" चहाचा कप खाली ठेवत लिनने विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं. शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर मी इतका दमलो होतो की खोटं बोलणंच सोपं होतं.

"छान," तो म्हणाला. "डिसेंबरमध्ये त्यांची सत्तरी आहे. मी जाणार."

"वेड लागलंय का तुला?"

"तिकीट बुक केलंय. मी इथला विद्यार्थी आहे असं डीन पत्र देणार आहेत. मग बघू सरकार काय करतं ते." त्याने खिशातून एक पत्र काढलं. "हे जुलैचं. लिहितात, तू येशील तेव्हा दोघं मिळून मासे धरायला जाऊ. कधी असं लिहीत नसत ते. म्हातारे झालेत, दिगंबर."

मला सू-फेनचा राग आला. इतकं चांगलं पत्र लिहायची काय गरज होती? आईचा राग आला, लिनचा आला, माझा तर आलाच. सगळ्यांनी मिळून हे ओझं मलाच वाहायला दिलं होतं, आणि मला फक्त झोप हवी होती.

"लिन, जाऊ नकोस," मी म्हटलं. "बाबा नाहीत. मागच्या ऑगस्टमध्ये गेले."

त्याने पत्र माझ्यासमोर धरलं. "हे अक्षर?"

"सू-फेनचं."

त्याने कागद दिव्याखाली धरून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग मी सगळं सांगितलं, ताटावर बसलो तेही. मला वाटलं मारेल. त्याने विचारलं, "काय काय होतं?"

"भात, कारलं, टोफू. तळलेला मासा होता. तो मी खाल्ला नाही."

"मासा नाही खाल्लास?"

"नाही."

"मग मासा तरी त्यांना मिळाला," तो म्हणाला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मलाही रडू येत होतं.

थोड्या वेळाने तो उठला, तोंड धुतलं आणि पत्राचा पॅड घेऊन बसला.

"आता कुणाला?"

"बाबांना. सत्तरीला येतोय असं मागच्याच आठवड्यात लिहून टाकलंय. ते वाचून आई घाबरेल. मागोमाग दुसरं जायला हवं."

"आईला सरळ कळव ना, तुला कळलंय म्हणून."

"तिने वर्षभर एवढं केलं, ते फुकट घालवू?" तो पेन धरून थांबला. "काय कारण देऊ?"

"थीसिस," मी म्हटलं. "चालतं. मी सांगलीला तीन वर्षं तेच देतोय."

त्याने खाली मान घालून लिहिलं. मग मला समजावं म्हणून इंग्रजीत वाचून दाखवलं: "बाबा, थीसिस काही संपत नाही. सत्तरीला येणं जमणार नाही. रागावू नका. पुढच्या वर्षी नक्की येतो."