जागेवर नसलेली डिस्क

हेल्लेवीने कॉम्प्युटरची पेटी ग्रंथालयाच्या टेबलावर आदळली नाही, ठेवलीच. पण ठेवली अशी, की पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी चष्मे वर केले. पेटीभोवती तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली लोकरी शाल तिने सोडली. घसरगाडीच्या बैठकीवर दोरीने बांधून, एक पाय घसरपट्टीवर ठेवून दुसऱ्याने बर्फाला रेटा देत, दोन किलोमीटर तिने ती आणली होती. शालीच्या झालरीतून पाण्याचे थेंब टेबलावर पडायला लागले.

"मेलंय की झोपलंय, तेवढं सांगा," ती म्हणाली. "उपदेश नकोत."

उंतो दर मंगळवारी लोकांचे कॉम्प्युटर बघायला तिथे बसत. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडल्या, आता गुडघे चढू देईनात. वसंतात जुन्या विंडोजची मुदत संपली, तेव्हापासून निम्मं गाव लिनक्स ह्या फुकटच्या सिस्टिमवर आलं होतं आणि ते निम्मं गाव मंगळवारी उंतोंच्या टेबलापाशी रांग लावत होतं. हेल्लेवी मात्र आजवर आली नव्हती. पन्नास कोसांत कोणाचं लग्न असो की मयत, रांधायला हेल्लेवी लागते. तिच्या दारात लोक येतात, ती कोणाच्या दारात जात नाही.

उंतोंनी पेटीला पडदा जोडला, बटण दाबलं. थोडं घुरघुरून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आर्नीची डिस्क अजून तयार नाही किंवा जागेवर नाही. वाट बघत राहायचं, की पुढे जायचं? पुढे जायचं असेल तर एस दाबा.

"दोन आठवडे हेच," हेल्लेवी म्हणाली. "मी म्हटलं, नाहीस ना तयार, मग हो तयार! एकदा तर सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालू ठेवलं. ढिम्म."

"एस दाबून पाहिलं नाहीत?"

"आणि माझ्या याद्या सोडून पुढे गेलं म्हणजे? शनिवारी साठ माणसांची मयताची कॉफी आहे. त्यात कोणाला दूध चालत नाही, कोणाला गहू. सगळं ह्याच्या पोटात. विंडोजमध्ये कसं, एक सी असायची, एक डी असायची. हाक मारली की ओ द्यायच्या. इथे ना सी ना डी. घराला खोल्याच नाहीत."

"खोल्या आहेत. सगळ्या एकाच दारातून आत जातात, एवढंच," उंतो म्हणाले आणि त्यांनी एस दाबलं.

मशीन पुढे गेलं. पडदा निळा झाला, आणि शनिवारची यादी, साठच्या साठ नावं, दुधाच्या आणि गव्हाच्या खुणांसकट समोर आली. हेल्लेवीच्या खांद्यांतला ताठा जरा उतरला. उंतोंनी पाहिलंय हे लक्षात आल्यावर तिने ते पुन्हा ताठ केले.

"मग बिघडलंय काय?"

उंतोंनी पेटीचं झाकण काढलं. आत एक डिस्क होती. तिच्या खाली दुसरीची जागा रिकामी होती, आणि एक तार कुठेच न जाता नुसती लोंबत होती.

"बिघडलेलं काही नाही. इथे अजून एक डिस्क होती. ती कोणीतरी काढून नेली. नीट काढली आहे, ओरखडासुद्धा नाही. पण मशीनला ते कोणी सांगितलं नाही. ते आपलं रोज उठून तिला शोधतं."

हेल्लेवीने शालीची घडी घातली. मग ती मोडली आणि परत घातली.

ऑक्टोबरात, दोन दिवसांवर नव्वद माणसांची मेजवानी असताना, तिने मशीन उघडलं तेव्हा सी आणि डी गायब होत्या. तिच्या मुलाने, आर्नीने, तिला न विचारता विंडोज काढून लिनक्स घातलं होतं. याद्या होत्या, दुसऱ्या जागी होत्या, आर्नी ते सांगतही होता. पण कागदाची गिरणी बंद पडल्यापासून दीड वर्ष घरात बसलेल्या एकतीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? मदतीला आलेल्या चार बायकांच्या देखत ती ओरडली होती: "माझं घर आहे हे! तुझं भंगार उचल आणि चालता हो!"

पोराने आईचा शब्द मोडला नाही. स्वतःचं तेवढं उचललं आणि हेलसिंकीला गेला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंड्याच्या कपात, चार बारके स्क्रू दिसले. दिव्याचे असतील म्हणून तिने ते तसेच ठेवले होते.

"एक ओळ आहे," उंतो सांगत होते. "ह्या फाइलमध्ये. ती पुसली की विचारायचं थांबेल. अर्ध्या मिनिटाचं काम."

"पुसू नका."

"पण रोज एस दाबावं लागेल, हेल्लेवीबाई."

"बोटं आहेत मला. कसं पुसायचं ते दाखवा. माझ्या घरातली ओळ मला वाटेल तेव्हा मी पुसेन."

तिने पिशवीतून पाककृतींची वही काढली. वेलदोड्याच्या पावाच्या पानामागे कोरी जागा होती. काळी खिडकी कशी उघडायची, काय टाइप करायचं, फाइल कशी जपून ठेवायची, हे सगळं उंतो सांगत गेले आणि ती पीठ मळल्यासारखी दाबून दाबून लिहीत गेली. शेवटी ती ओळही उतरवली. तीत आर्नीचं नाव होतं, आणि नावाच्या आधी एक लांबलचक आकडा: मधेच अक्षरं, मधेच आडव्या रेघा.

"हे शेपूट कशाला? नाव पुरे की."

"नाव पुरत नाही. ह्या गावात तीन आल्पो आहेत. हा आकडा जगात त्या एकाच डिस्कचा. तिच्या जागी दुसरी नवीकोरी लावलीत तरी हे तिला घरात घेणार नाही."

"हट्टी आहे."

"जे लिहून दिलंय तेवढं पाळतं," उंतो म्हणाले आणि स्क्रू पिळायला लागले.

त्या दिवसापासून रोज सकाळी मशीन विचारायचं आणि हेल्लेवी एस दाबायची. लगेच नाही. आधी बटण, मग चुलीवर कॉफी, मग भाकरीला लोणी. अक्षरं तोवर तशीच उभी. आल्पो, तिचा नवरा, टेबलाच्या टोकाला पायमोजे चढवत बसलेला असायचा. घरात बोलायचं खातं बायकोकडे असल्यामुळे बेचाळीस वर्षांत त्याला गप्प बसायची सवय झाली होती.

"दाब की," तो एके दिवशी म्हणाला.

"दाबते. कॉफी होऊ दे."

"कॉफी झाली."

"मग पी."

तो प्याला. मग कपात बघत म्हणाला, "त्या डिस्कमध्ये तुझ्या पंगती होत्या. दर मेजवानीला वाढण्याआधी टेबलाचे फोटो काढायचा तो. सात वर्षांचे. तुला वाटायचं, मोबाइलशी खेळतोय."

हेल्लेवीने एस दाबलं. नंतर ताटल्या धुताना तिने एक ताटली तीनदा धुतली.

शनिवारची मयताची कॉफी नीट पार पडली. त्यानंतर एक लग्न, एक पन्नाशीचा वाढदिवस. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती चर्चच्या सभागृहातून रिकामी पातेली घेऊन परतली, बूट काढले आणि पुढची ऑर्डर बघायला मशीनचं बटण दाबलं. एप्रन बांधायला वळली, परत आली, एसवर बोट धरलं.

पडदा निळा होता. याद्या समोर होत्या. मशीनने काही विचारलंच नव्हतं.

ती बोट धरून तशीच उभी राहिली.

"उंतो येऊन गेला," आल्पो म्हणाला. "मी बोलावलं होतं."

"कशाला?"

"रोज सकाळी ते नाव वाचवत नव्हतं मला."

"मग डोळे मिटायचे! कोणी सांगितलं होतं मेलं ते वाचत बसायला?" ती म्हणाली, पण आवाज नेहमीच्या निम्म्यावरच थांबला. आल्पो मोज्याला पडलेलं भोक बघत होता. भांडायला समोरचा माणूस उभा तरी लागतो.

तिने उंतोंना फोन लावला. उंतो म्हणाले, आल्पो म्हणाला मुळापासून काढ, म्हणून मुळापासून काढली. नाही, कुठे उतरवून ठेवली नाही. नाही, परत आणता येत नाही. पुसलं ते पुसलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वही आहे माझ्याकडे."

चष्मा पुसून ती मशीनपुढे बसली. वेलदोड्याच्या पावामागचं पान उघडलं. काळी खिडकी उघडली, ती दुसऱ्या प्रयत्नात उघडली. पासवर्ड टाकला, अक्षरं दिसेनात तेव्हा "दिसू नका, जा," असं त्यांना सांगून तरीही टाकला. फाइल आली. मग शाळा चौथीत सोडलेली, दीडशे माणसांचं पीठ डोळ्यांनी मोजणारी ती बाई एका बोटाने एकेक आकडा टाइप करायला लागली. वहीत एक बघायचं, दाबायचं, पडद्यावर बघायचं, परत वहीत. आल्पो खुर्ची ओढून मागे बसला. बाहेर तीन वाजताच दिवस मावळला होता.

तेविसाव्या जागी ती थांबली.

तिथे लोणी पडलं होतं. कागद पारदर्शक झाला होता आणि शाई पसरून त्याचा एक निळा ढग झाला होता. तिने वही दिव्यापुढे धरली. उलटी केली. मागून वेलदोड्याचं माप दिसलं, आकडा दिसला नाही.

"काहीतरी टाक," आल्पो म्हणाला. "एकच तर आहे. वाट काय, ते तसंही बघेलच."

"कोणाची? जगात नसलेल्याची?" तिने वही खाली ठेवली. "एक चुकलं तर तो दारात येऊन उभा राहिला तरी हे म्हणेल, मी तुला ओळखत नाही."

ती थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. हेल्लेवीचे हात असे नुसते पडलेले आल्पोने लग्नाच्या दिवशी पाहिले होते, नंतर नाही.

मग तिने फोन उचलला. आकडे न बघता दाबले. दोन महिने न दाबलेले आकडे.

"आई?"

"तुझ्या डिस्कचा नंबर काय आहे?"

"काय?"

"लांबलचक आहे तो. तेविसावं अक्षर लोण्यात गेलंय माझं."

पलीकडे ट्राम थांबल्याचा आवाज आला, दारं उघडल्याचा, मिटल्याचा.

"तो तुला कशाला हवाय?"

"मशीन विचारतं."

"मग ती ओळ पुसून टाक ना. सोपं असतं. उंतोंना सांग."

"पुसली होती. मी परत लिहितेय."

हेल्लेवीने पुढे काही जोडलं नाही, आणि आल्पोने मान वर करून बायकोकडे पाहिलं, कारण हे त्याला नवीन होतं.

"तो आकडा डिस्कवर छापलेला नसतो, आई," शेवटी आर्नी म्हणाला. "कुठेतरी लावल्याशिवाय दिसत नाही. आणि माझ्याकडे इथे लावायला काही नाही. मित्राच्या सोफ्यावर झोपतोय मी. पिशवीत पडलीय ती नुसती."

"कशात गुंडाळलीयेस?"

"लोकरी मोज्यात. तू विणलेल्या."

हेल्लेवीने टेबलाखालच्या पेटीकडे पाहिलं.

"इथे तार मोकळीच आहे," ती म्हणाली.

पलीकडे पुन्हा एक ट्राम आली आणि गेली.

"चार स्क्रू होते," आर्नी म्हणाला.

"आहेत. अंड्याच्या कपात."

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिने फोन उपडा ठेवला, एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पडद्यावर ओळ अर्धी होती. बावीस खुणांनंतर एक बारीक रेघ लुकलुकत होती.

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

आल्पोने मान हलवली. बऱ्याच वेळाने त्याने मशीनकडे हात नेला. "मग हे बंद करू का आता?"

"हात लावू नकोस," हेल्लेवी म्हणाली, आणि कॉफीचं पाणी ठेवायला उठली.