मालनबीचा हक्क

व्यंकटराव पाटलावर माझा अजून राग हाय, आन् मरेपर्यंत ऱ्हाईल. मानूस वाईट न्हाई. पर "मी हाय ना!" म्हनायची त्याला लय खोड.

मालनबी माझी शेजारीन. चारठाण्याच्या अल्याड आमचं गाव, आन् दोघींच्या घराला एकच भिंत. नवरा आदीच वारलेला. तिला एकुलतं एक पोरगं, लाडलेसाब. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मामानं त्याला संगं नेलं, थेट कराचीला. मिसरूड बी फुटलं नव्हतं पोराला. मामाला तरी काय बोलावं, जीव मुठीत घेऊन पळायली होती मानसं. घरात आंथरुणाला खिळलेली सासू, तिला टाकून मालनबी कशी जाती? ती ऱ्हाईली. पुढं सासू बी गेली.

धा वर्सांनी पोरगं आलं. आमी कुनी ओळखलंच न्हाई. मालनबीला तर डोळ्यांनी दिसतच नव्हतं धड. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानामागचा लहानपनचा वण चाचपला, आन् बसल्या जागी रडाया लागली. मी बी रडले, खोटं कशाला बोलू.

लाडले म्हन्ला, "मावशी, मला पोळ्यापर्यंतच ऱ्हाता येतंय. त्याच्या आत तालुक्याला जाऊन मुदत वाढवून मागायची. इथंच कायमचं ऱ्हायचा अर्ज बी करता येतो म्हनत्यात, पर मुदतीच्या आतच."

"तुला रं कशाची मुदत? तू तर इथलाच."

"तिकडचा पासपोर्ट हाय ना माझ्याकडं. त्याच्याबिगर अम्मीला भेटायला येऊच देईनात."

ऐका आता! आईला भेटायचं म्हनून कागद काढला, आन् त्याच कागदानं पोरगं आईच्या घरात परकं झालं. माझं तर डोकंच चालंना.

दुसऱ्या दिशी सकाळी धुतलेला सदरा घालून निघाला बिचारा. वेशीत पाटील हुबा. मी घागर घेऊन मागंच होते.

"कुठं रे लाडल्या?"

"तालुक्याला जायलोय मालक, ठाण्यात."

"ठाण्यात? माझ्या गावचं पोर ठाण्याची पायरी चढनार? तुझा बाप माझ्याकडं सालदार होता, इसरलास का? निजामाच्या राजात माझ्या एका सबदावर मानसं इथली ठरायची. मी हाय ना! जा, बैलं धू. पोळा झाला की मी सोता येतो संगं."

मी म्हन्लं, "मालक, त्याची मुदत पोळ्यापर्यंतच हाय, जाऊ द्या की त्याला. एका दिसाचं तर काम हाय."

"केशरबाई, कायद्यातलं तुमाला काय कळतंय?" झालं! लाडलेनं एकदा माझ्याकडं बगितलं, एकदा पाटलाकडं. बापानं ज्याचं मीठ खाल्लं त्याला न्हाई कसं म्हनावं? सदरा काढला आन् गेला बैलं धुवायला.

पोळ्याला पाटलाची बैलं त्यानंच मिरवली. मालनबीला काय दिसत नव्हतं, पर घुंगराच्या आवाजावर ती वट्ट्यावर बसून हासायली होती. इतकी खुश मी तिला कधीच बगितली नव्हती.

पोळ्याचे दिवस सरले, आन् फौजदाराची जीप मालनबीच्या दारात आली.

पाटील फेटा बांधून गेला. "हे पोरगं आमचं हाय. मी सांगतो ना!" फौजदारानं त्याला बाजेवर बसवलं, मान दिला. म्हन्ला, "पाटील, तुमचा शब्द मोठा. पण हा दुसऱ्या देशाचा नागरिक. मुदत संपायच्या आत आला असता, तर मी अर्ज घेऊन वर पाठवला असता. तेवढा हक्क त्याला होता. आता माझ्या हातात काही नाही."

पाटलानं तोंड उघडलं, पर "मी हाय ना" काय भाईर पडंना. मला वाटलं, त्याचा फेटाच भिरकावून द्यावा. पर त्यानं तरी काय होनार होतं?

लाडलेला जीपमदी बसवला. मालनबी भिंत धरत धरत आली, हातात भाकरीचं गठुडं. "सायेब, मला बी घ्या गाडीत. मी कुठं बी ऱ्हाईन याच्या संगं."

फौजदार वाईट नव्हता. खाली उतरला, हळू आवाजात म्हन्ला, "आजी, तुम्हाला कसं नेता येईल? तुम्ही इथल्या नागरिक. हा देश तुमचा. तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही. तुमचा हक्कच आहे तो."

गठुडं त्यानं लाडलेच्या मांडीवर ठिवलं. "अम्मी, अम्मी" करीत पोरगं देवगाव फाट्याच्या रस्त्याला गेलं. धुरळा बसला तरी मालनबी तिथंच हुबी.

"केशर, काय म्हन्ला गं सायेब? मला न्हाई कळलं."

मेलं मलाच सांगावं लागलं. "मालनबी, तुला इथं ऱ्हायचा हक्क हाय म्हन्ला."

तिनं माझा हात चाचपत धरला.

"एकटीला?"