निजलेला माळ

सकाळी यशोदाबाई माळावर गेली, तर चारही कोपऱ्यांत चुना. रात्रीतून कुणी उतारा टाकून जावा तसा.

सुरगाण्याच्या डोंगरातला हा उतार तिच्या सासऱ्यानं कुदळीनं मोकळा केलेला. वहिवाट तीन पिढ्यांची, पण कागद अजून नावावर नव्हता. दावा तहसीलात पडून. एक साल नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली खुरासणी, मग तीन सालं माळाला निजू द्यायचं, ही इथली रीत. माळाच्या निजेचं हे दुसरं साल. कडेनं जाताना ती गुणगुणायची,

माळ माझा निजलेला, हळू टाका गं पाऊल
त्याच्या कुशीत नागली, तिला लागेल चाहूल

आज तिनं ओवी म्हटलीच नाही. ती थेट दत्तूकडं गेली. दत्तू तिचा पुतण्या, गावचा सरपंच. महिन्यापूर्वी तालुका ‘उभारी क्षेत्र’ ठरला, मागास गावांना निधी मिळणार, म्हणून यानं पेढे वाटले होते. “मागास ठरलो म्हणून पेढे वाटणारा तू एकलाच रं,” ती तेव्हा हसली होती.

“माळावर चुना कुणी टाकला?”

दत्तू जीप धूत होता. “ढोरांनी सांडला असंल काही.”

“ढोरं चौकोन काढत्यात व्हय?”

दत्तू हसला, पण नजर चाकावरून उचलली नाही. “काकू, उद्या नाशिकच्या मॅडम येणार हायेत. नागलीच्या बिस्किटांची शेड मंजूर झालीय. रिकामी जागा दाखवायची.”

“रिकामी म्हंजी माझी?”

“काय उभं हाय तिथं? गवतच ना?”

“निजलेल्या माणसाला मेला म्हणून लिवत्यात का? आन् नागलीच्या रानावर नागलीची शेड. मग नागली पेरायची कुठं?”

“तुझ्या मैनाला गावातच काम मिळंल, त्याचा इचार कर.”

हे मात्र लागलं. सून मैना दरसाल दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची, चार महिने घर सोडून. यशोदाबाई घरी आली, तर मैना भाकरी थापत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“दत्तूभाऊ बोलले होते. मी म्हणलं, आत्याबाईंना इचारा.”

खरं की खोटं, यशोदाबाईला कळेना. मैनाच्या हातातली भाकरी फिरत राहिली.

दुपारी यशोदाबाईनं माळावर शेण वाहिलं, सुका पाला, फाटी, गवत थरावर थर पसरलं, वर माती भुरभुरली. पेरणीआधी रोपाची जागा भाजायचा हा राब. निजलेल्या माळावर तो कुणी कधी रचला नव्हता. मागं पावलं वाजली. मैना, डोक्यावर पाल्याचा भारा.

“आत्याबाई, अजून एक साल बाकी हाय ना निजेचं?”

“हाय.”

“मग पीक?”

“थोडकंच.”

 मैनानं भारा राबावर टाकला आणि काडीपेटी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या संजना मॅडम आल्या. हातात मोबाईल, पुढं काळा चौकोन, अजून धुमसणारा.

“हीच ती रिकामी…” दत्तू म्हणाला आणि अडखळला.

मॅडमनी वाकून राख पाहिली. “पेठला माझ्या आजोळी असाच राब भाजायचे. सरपंच, इथं पेरणी आहे.” फोटो काढून त्यांनी ‘वहितीखाली’ अशी नोंद केली. “रस्त्यालगत एक मोकळी जागा दिसली. ती कुणाची?”

दत्तू खाकरला. “ती… माझीच. पण तिथं मॅडम, मी…”

“गवत हाय तिथं, दत्तू,” यशोदाबाई म्हणाली.

मैनानं पदर तोंडाला लावला. जीप खाली उतरली. दत्तू मॅडमना काय सांगत होता, ते ऐकू आलं नाही. शेड तिथं होईल की कागदावरच राहील, कोण जाणे.

यशोदाबाई राखेजवळ बसली. हात ठेवला. भर झोपेतून उठवलेल्या लेकराच्या कपाळासारखी ती ऊन लागली.

“एवढ्या खेपंला माफी कर,” ती माळाला म्हणाली.