वाळूचा कण

भाचीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नव्हतं. चार वेळा कागद घेतला, चारही वेळा तारीख घालून थांबलो.

भाची मोत्यांच्या शेतीत कामाला आहे. तिने लिहिलं होतं :

"मामा, पाचवीच्या पुस्तकातला मोत्याचा धडा तुमचा, हे मी कौतुकाने सांगत आले. परीक्षेत 'मोती कसा तयार होतो?' असा प्रश्न आला. लेकीने माझं रोजचं काम लिहिलं. शिंपला पाचर घालून किलकिला करायचा, सुरीने आत चीर द्यायची, दुसऱ्या शिंपल्याच्या मऊ पडद्याचा तुकडा आणि एक गोल मणी आत सरकवायचा. मग जाळीत घालून दोन वर्षं समुद्रात टांगायचा. बरेच मरतात. आपोआप होणारा मोतीसुद्धा बहुतेकदा एखाद्या किड्याने पडदा दुखावला की होतो, हेही तिने लिहिलं. बाईंनी शून्य दिलं. पुस्तकात वाळूचा कण आहे म्हणाल्या. मनाचं लिहिलं म्हणून माफीनामा मागितला. ती देत नाही. रोज वर्गाबाहेर उभी असते. वाळू तर शिंपला थुंकून टाकतो, मामा. तुम्ही शाळेला दोन ओळी लिहा."

"लिहिलंत का?" बायकोने पुन्हा विचारलं.

"विचार करतोय."

"पोर बाहेर उभी आहे आणि तुमचा विचार खुर्चीत बसलाय."

मी उठलो. पुस्तकं छापतात त्या कार्यालयात गेलो. माझा धडा घेणारे संपादक तेच, केस तेवढे पांढरे झालेले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी अर्धं वाचलं.

"सर, वीस वर्षांत एक तक्रार नाही. आणि वाळूचा कण किती छान आहे! दुःख सोसलं की मोती होतो, असा बोध निघतो. सुरी, पाचर... लहान मुलं आहेत हो."

"ती मुलगीही लहान आहे," मी म्हणालो. आवाज बाहेर आला की नाही, कोण जाणे. ते चहा सांगत होते.

तक्रार कोण करणार होतं, शिंपला? हे मला जिना उतरताना सुचलं. नेहमीसारखंच.

पण चीड आली ती केवळ त्यांची नव्हती. तो धडा लिहिताना मी एकही शिंपला उघडून पाहिला नव्हता. तीन पुस्तकं पाहिली. तिन्हींत एकमेकांचंच उतरवलेलं. मला शंका होती, म्हणून मी 'असे म्हणतात' हे दोन शब्द घातले होते. याच गृहस्थांनी ते खोडले, "मुलांना ठाम सांगावं" म्हणाले, आणि मी मूग गिळून बसलो. कुणाच्या तरी अंगात सुरी घालून काढलेल्या वस्तूला आम्ही सोसण्याचं बक्षीस म्हटलं, आणि खरं सांगणाऱ्या पोरीला दाराबाहेर काढलं.

घरी येऊन लिहायला बसलो. 'कदाचित' तीनदा आला, तीनदा खोडला.

"मुख्याध्यापकांस, हा धडा मी लिहिला. तो चूक आहे. मुलीचं उत्तर बरोबर आहे. माफी मागायचीच असेल तर ती मी तिची मागतो. तिला आत घ्या."

खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही. एक प्रत संपादकांना, एक भाचीला.

"वाचून दाखवू?" मी बायकोला विचारलं.

"नको. वाचलंत तर बदलाल."

तिने चपला पुढे सरकवल्या. मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत तिन्ही पाकिटं टाकली आणि आत हात घालून, अडकली तर नाहीत ना, एवढं पाहिलं.