फक्त फलकापुरती परवानगी

"सर, या सगळ्या कॉम्प्युटरचा मालक व्हायला काय करावं लागतं?"

पैज होती ती. मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या टोळीने डिवचलं होतं, "एवढं तुफान म्हणतो तुला, जा, विचारून दाखव!" आणि आता सगळी टोळी लॅबच्या दाराआड तोंडावर हात दाबून खिदळत होती.

कॉम्प्युटरचे सर कीबोर्ड उलटा धरून झटकत होते. त्यांनी मान वर केली. "मालक नको होऊस बाई. रोज कुणीतरी पासवर्ड विसरतं आणि डोकं आपलं खातं. थोडीशी मालकी हवी असेल तर देतो."

सर चेष्टा करत नव्हते. लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकाच मोठ्या मशीनला जोडलेले; सगळ्यांच्या फायली त्यातच. सुरू केल्या केल्या पडद्यावर सूचनाफलक दिसायचा. तो बदलायला सरांचा अधिकार लागे. सरांनी परवानग्यांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: ही मुलगी, हा फलक, बस.

"आता दुसरं काहीतरी उघड बघू."

तुफानने थेट मोठ्या बाईंच्या फोल्डरवरच धाड घातली. मशीनने साफ हाकलून लावलं. सर खूश. "कुंपण पक्कं आहे म्हणायचं!"

मग काय, तिचे पाय जमिनीवर टिकेनात. 'आज वह्या तपासणार आहेत, आत्ताच रडून घ्या' असला फलक वाचून मोठ्या बाईसुद्धा हसल्या म्हणे.

कुंपणातलं भोक तिलाच सापडलं. फलक लिहायच्या प्रोग्रॅममध्येच 'दुसरी फाइल उघडा' असं बटण होतं. तो प्रोग्रॅम चालायचा सरांच्या अधिकाराने, त्यामुळे तिथून वाट्टेल ते उघडत होतं. त्याच पावली सरांकडे जायला हवं होतं. पण सांगितलं तर आपली ओळच काढून घेतील, या भीतीने ती गप्प बसली. आणि सांगितलं कुणाला, तर टोळीतल्या चिमणीला.

"मग मलाही दे की! एकटीच काय मिरवतेस?"

"सरांनी मला दिलंय."

"हो गं बाई, सरांची लाडकी ना तू!"

हे झोंबलं. तिने परवानग्यांची फाइल उघडली. चिमणीचं नाव घालायचं म्हणून आपलीच ओळ खाली पुन्हा उतरवायला घेतली, तेवढ्यात घंटा झाली. अर्धी ओळ तशीच सेव्ह करून दोघी पळाल्या.

त्या फाइलमध्ये गडबड दिसली, की मशीन कुणावरच विश्वास ठेवत नाही. सरांवरही नाही. दुसऱ्या दिवशी दहावीचे प्रकल्प छापायचे होते, प्रिंटर अडकला होता आणि तो सोडवायला निघालेल्या सरांना मशीन दाद देईना. मुलं ताटकळली. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी बाहेरून माणूस बोलवावा लागला. त्याला तुफानची ओळ दोनदा दिसली, दुसरी मध्येच तुटलेली.

"माझंच काम," सर कपाळ पुसत म्हणाले. "काल सकाळी दुसऱ्या कामासाठी मीच त्यात हात घातला होता."

"मग लॅब तुमच्याकडे ठेवायची की नाही, ते उद्या शाळा समितीलाच ठरवू दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

तुफान समोरच उभी होती. तिने तोंड उघडलं. चिमणीने कोपर मारलं. तोंड मिटलं.

जाताना सर तिच्यापाशी थांबले. "तुझा फलक थोडे दिवस बंद ठेवावा लागेल हं. तुझा काही दोष नाही त्यात."

त्यापेक्षा सरांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बाबा स्टुलावर चढून पंखा पुसत होते, आई खालून फडकं देत होती. तिने एका दमात सगळं ओकून टाकलं.

"सरांनी स्वतःच मान्य केलंय ना?" बाबा वरूनच म्हणाले. "मग तू कशाला मध्ये पडतेस? गप्प राहा."

"शाळेतून काढलं म्हणजे गं?" आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

 

"मी विचारत नाहीये आई, सांगतेय. उद्या समिती बसायच्या आधी मी मोठ्या बाईंकडे जाणार आहे. सरांनी मला फक्त फलक दिला होता, बाकीचं मी घेतलं, असं सांगणार आहे. तुम्ही दोघं आलात तर बरं वाटेल. नाही आलात, तर एकटी जाईन."