सहाव्या तबकडीवरचा आवाज

सोलांज ब्रेव्हो ही एकेकाळी पॅरिस गाजवलेली गायिका. आता वय एक्क्याऐंशी, गुडघे संपावर, जीभ मात्र रोज कामावर. तिनं स्टुडिओत गायलेली झाडून सगळी गाणी एका पेटीत निघणार होती; अकरा तबकड्या. त्या तिला ऐकवायला रेकॉर्ड कंपनीचे मस्यू तिसिए दुपारी घरी आले होते. शेजारी धाकटी बहीण युगेत सुपासाठी लीकची पात चिरत बसली होती.

सहाव्या तबकडीवर ‘धोबिणीचा रविवार’ सुरू झालं आणि तिसिएंनी डोळेच मिटले.

"मादाम, हा तुमच्या आवाजाचा कळस! पेटीतल्या पुस्तिकेत या एका गाण्यावर मी दोन पानं लिहिलीयत."

सोलांजचा चेहरा उतरला. बासष्ट सालच्या हिवाळ्यात, त्या दिवशी नेमका तिचा घसा बसला होता. वादक खोळंबले, म्हणून युगेतला उभं केलं. बहिणींचे आवाज सारखेच. कुणाला कळलं नाही, दोघींनी कधी सांगितलं नाही. लोकांना मात्र हेच गाणं जास्त आवडायचं. ते सोलांजनं कसंबसं गिळलं होतं, पण ही दोन पानं काही घशाखाली उतरेनात.

"हे मी नाही गायले. ही गायलीय."

तिसिए समजुतीनं हसले. "इतक्या वर्षांनी विसरायला होतं, मादाम."

"मी विसरते? परवा सुपात मीठ कमी होतं, तेसुद्धा आठवतंय मला! युगेत, गा गं."

"मी नाही बाई. हातात सुरी आहे."

"मग सुरीसकट गा!"

युगेतनं खाली मान घालून दोन ओळी म्हटल्या. आवाज थकला होता, पण मध्येच थबकून पुढचा शब्द उशिरा टाकायची लकब तीच. तिसिएंच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

"माझी दोन पानं..."

"फाडू नका. नाव तेवढं बदला," सोलांज म्हणाली.

त्यांनी खरंच बदललं. पेटी निघाल्यावर आठवड्याभरात रेडिओवाल्यांचा फोन आला. सोलांजनं ऐटीत उचलला.

"हो, ब्रेव्होंचंच घर. कोण, युगेत? आहे ना. मी तिची मोठी बहीण. हो, मीही गायचे थोडंफार."

आतून युगेत ओरडली, "गाडी पाठवतायत का विचार! आणि तूही चल, मला एकटीला भीती वाटते."

सोलांज तोवर कोट शोधायला लागलीसुद्धा होती.